ओल्या लुगड्याचा नेम

मोठ्या बाई गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. सकाळचे अकरा वाजले असतील. मी वाशिमच्या आमच्या घरी मेथी निवडत बसले होते, यांचा फोन चार्जिंगला लावलेला होता, तो वाजला म्हणून मी उचलला. पलीकडे भासरे होते, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी थेट बोलत नाहीत. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण त्यांनी मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही. माझा आवाज ऐकून ते थांबले. मागे दवाखान्यातलं कसलंतरी यंत्र टुकटुक करत होतं. मग म्हणाले, "त्याले दे फोन." एवढंच. मी अंगणात जाऊन यांच्या हातात फोन दिला आणि परत येऊन मेथीपुढे बसले. कळायचं ते कळलं होतं. त्या वेळी माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मी मनात म्हटलं, आता महालक्ष्म्या आपल्याकडे येतील.

रडू त्यानंतर आलं. खूप आलं, शेजारणी जमल्या, एकीने पाणी पाजलं. ते रडणंही खोटं नव्हतं. पण आधी काय आणि नंतर काय, याचा क्रम मला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मलाही कळतं. मोठ्या बाईंबद्दल चांगलं लिहायला मी बसलेच आहे. माझ्याबद्दल मात्र चांगलं लिहिता येईल असं वाटत नाही…

त्यांचं नाव कमल. माझी थोरली जाऊ. मी त्यांना मोठ्या बाई म्हणायची, आणि त्या मला नुसतं लता. घर मेडशीचं, शेत सोयाबीन-तुरीचं, आणि यांची नोकरी वाशिमला असल्यामुळे आम्ही लग्नानंतर वर्षभरातच शहरात आलो. पण त्या पहिल्या वर्षात मोठ्या बाईंनी मला घडवलं म्हणा की रडवलं म्हणा, दोन्ही खरंच आहे. मी कारंज्याच्या मास्तरांची मुलगी, पुरण वाटायची सवय मिक्सरवर. पहिल्यांदा पाट्यावर वाटलं तेव्हा त्यांनी बोटाने चाखून पाहिलं, डाळीची कणी लागली, आणि सगळं पुरण परत पाट्यावर टाकलं. "दाताखाली डाय येऊन राह्यली. देवाले दात घासाले बसवते काय व?" भावकीतल्या बाया हसल्या. मी तेच पुरण तीनदा वाटलं. रात्री हात इतके दुखत होते की वेणी घालता येईना, आणि तेव्हा त्याच मागे येऊन बसल्या, काही न बोलता माझी वेणी घालून दिली. त्या अशाच होत्या. जीभ कात्रीसारखी, आणि हात एकदम वेगळे. माझा मुलगा झाला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी गेले नाही, कारण माझी आई तोवर उरली नव्हती. सव्वा महिना मोठ्या बाईंनी माझं आणि पोराचं अंग चोळलं, शेकशेगडी केली, डिंकाचे लाडू केले. त्यांना दोन मुलीच होत्या. माझ्या मांडीवर मुलगा. पण त्या सव्वा महिन्यात त्यांच्या तोंडून एक वाकडा शब्द आला नाही, आणि मी तो येण्याची वाट पाहत होते, हेही खरं.

आता महालक्ष्म्यांचं सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही. भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. पत्र्याच्या कोठ्यांना साड्या नेसवायच्या, वर पितळी मुखवटे ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, कढी, सोळा भाज्या, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा. अख्खी भावकी जेवायला. एरवी आमच्याकडे सोवळ्याओवळ्याचं फार नाही, शेतकऱ्याच्या घरात ते परवडतही नाही. पण त्या एका दिवसाच्या स्वयंपाकाला सासूबाईंनी एक नेम घालून दिलेला. थोरल्या सुनेने डोक्यावरून पाणी घ्यायचं, आणि अंगावरचं लुगडं ओलं असतानाच चुलीपुढे बसायचं. नैवेद्य दाखवेपर्यंत लुगडं बदलायचं नाही, आणि मधे कुणाचा स्पर्श झाला तर पुन्हा डोक्यावरून पाणी. बाकीच्यांनी उंबऱ्याबाहेरून द्यायचं-घ्यायचं. सासूबाई गेल्यावर हे सगळं मोठ्या बाईंकडे आलं. आणि त्यांच्यानंतर? त्यांच्या दोन्ही मुली दिलेल्या, त्यांच्या सासरच्या वेगळ्या रीती. पुढची सून येणार ती माझ्याच घरात. म्हणजे मुखवटे कधीतरी वाशिमला जाणार, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या बाईंना सगळ्यांत जास्त. भावकीतल्या बाया ते त्यांच्या तोंडावर बोलायच्या, आणि बोलून वर विचारायच्या, "खरं हाय का नाई?" त्या "खरं हाय" म्हणायच्या आणि पोळी लाटत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या होत्या, "एका वर्साचा खंड पडला ना लता, का गेल्याच त्या माह्या घरातून. मंग वापस कोन आणते?" त्यांच्याजवळ शेत होतं, ते नवऱ्याच्या नावावर. मुली होत्या, त्या दुसऱ्याच्या घरी. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याकडे ते तीन दिवस होते.

चाळिशीत त्यांचं पिशवीचं ऑपरेशन झालं. आमच्याकडच्या किती बायांचं होतं, त्यात नवल नाही, आणि ऑपरेशननंतर महिनाभरात त्या कापसाच्या वेचणीला गेल्या, त्यातही कुणाला नवल वाटलं नाही. मग काही वर्षांनी बेंबीच्या खाली, जुन्या टाक्यांच्या बाजूला, एक गोळा यायला लागला. उभं राहिलं की यायचा, निजलं की आत जायचा. खोकला आला किंवा हंडा उचलायचा असला की त्या आधी तळहाताने तो दाबून धरायच्या. दरवर्षी थोडा वाढला. शेवटी लुगड्यातूनही दिसायला लागला. रिठदला एका लग्नात आम्ही ओळीने जेवायला बसलो होतो, आणि मी म्हटलं, "मोठ्या बाई, कितवा महिना?" सगळी पंगत हसली. खूप हसली. मीच हसवलं याचा मला आनंद झाला. तेव्हापासून ते त्यांना चिकटलं. कुठेही गेल्या की कुणीतरी विचारायचं. त्या हसून म्हणायच्या, "यंदा पोरगाच हाय." मुलगा नसलेल्या बाईला हे बोलायला लावणारी मी. तेव्हा मला ते गमतीचंच वाटत होतं.

यंदा वैशाखात, शेतात काम नसतं म्हणून, त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. वाशिमच्या एका डॉक्टरांनी केलं आणि चांगलं केलं. पोटाचा पडदा फाटला होता, त्यावर जाळी बसवली. प्लास्टिकची बारीक जाळी असते, ती आतून शिवतात, हळूहळू मांस तिच्यात वाढतं. सुट्टी देताना डॉक्टरांनी पट्टा दिला, तीन महिने वजन उचलू नका म्हणाले, खोकला आला तर पोटावर उशी धरा म्हणाले. पहिले पंधरा दिवस त्या आमच्याच घरी होत्या. निजून राहायची सवय नव्हती, त्यामुळे मला कामं सांगून त्यांनी माझा जीव खाल्ला. मेथीत दांडे फार, फोडणीत हिंग कमी, तुमच्या शहरात दुधाला वासच नाही… माझी चिडचिड व्हायची. तरी घर भरल्यासारखं वाटायचं. पट्टा घालायला मी त्यांना मदत करायची. गोळा गेला होता, पोट सपाट झालं होतं, आणि एकदा त्या आरशापुढे कडेने उभ्या राहून बघताना मी त्यांना पाहिलं. लाजून म्हणाल्या, "आता काय विचारशील व तू लग्नात?"

आषाढ लागता लागता टाक्याच्या एका टोकाला पाणी सुटलं. आधी पाणीच होतं, मग पिवळट झालं. त्या मेडशीहून एसटीने आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला यायच्या, आमच्याकडे चहा घ्यायच्या आणि मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायची. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की त्यांना शुगरही आहे, आणि बरेच दिवसांपासून असावी. औषधं बदलली, इंजेक्शनं झाली. पाणी थांबायचं आणि परत सुरू व्हायचं. श्रावणातल्या एका सोमवारी डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "आजी, जाळीला पू धरलाय. नुसत्या औषधाने तो जाणार नाही. जाळी काढावी लागेल, आणि ती याच आठवड्यात काढू. तोवर जखम कोरडी ठेवायची. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही." मोठ्या बाईंनी विचारलं, किती दिवस ठेवसान? डॉक्टर म्हणाले, दोन-तीन आठवडे तर धराच, पुढे घरी विश्रांती. मोठ्या बाई बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. मलाही लगेच कळलं त्या काय मोजतायत. त्या तीन आठवड्यांत महालक्ष्म्या येत होत्या.

ऑटोत बसल्यावर त्या म्हणाल्या, "त्याइले सांगू नको." म्हणजे भासऱ्यांना. मी म्हटलं, "काहून? डॉक्टरनं इतकं समजावून सांगतलं ना." त्या म्हणाल्या, "महालक्ष्म्या झाल्या का दुसऱ्याच दिवशी येतो मी. पक्कं येतो. आता दवाखान्यात पडलो तर कोन बसवते?" मी तेव्हा काय बोलायला हवं होतं, ते मी त्यानंतर शंभर वेळा बोलून पाहिलं आहे. बाई, तुमचं नेम-बिम राहू द्या, आधी जीव. सोपं होतं. पण मी म्हणाले, "मंग यंदा माह्याकडं येऊ द्या त्या. असं वाहतं अंग घेऊन देवापुढं बसता येते काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच मला सोसत नाही. बहुतेक त्या वाटच पाहत होत्या की हे कधी ना कधी येणार. म्हणाल्या, "मी मेल्यावर ने." आणि हसल्या. मीही हसले. मग मी भासऱ्यांना सांगितलं नाही, यांनाही सांगितलं नाही. त्यांनी गप्प राहायला सांगितलं म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी रुसले होते.

त्यानंतर त्या ड्रेसिंगला आल्याच नाहीत. डॉक्टरांकडून एकदा माझ्या मोबाइलवर फोन आला, आजी कुठे आहेत म्हणून. मी सांगितलं, गावी आहेत, येतील. मेडशीला फोन केला तर मोठ्या बाई म्हणाल्या, सुकलं आता, काही नाही. मी विश्वास ठेवला नाही आणि ठेवला असं दाखवलं. आम्ही पहिल्या दिवशी मेडशीला पोचलो तेव्हा महालक्ष्म्या उभ्या राहिल्या होत्या, साड्यांच्या निऱ्या अशा की इस्त्री केल्यासारख्या. मोठ्या बाई वाळल्या होत्या. पट्टा लुगड्यावरून आवळून बांधला होता. घरभर धूप इतका की डोळ्यांत पाणी यावं. एवढा धूप का, ते जवळ गेल्यावर मला वासाने कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस होता, वारा होता. मोठ्या बाईंनी न्हाणीत डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्याने चुलीपुढे बसल्या. पट्टा नव्हता, कारण पट्टा सोवळ्यात चालत नाही, असं त्यांनीच ठरवलं असणार. मी उंबऱ्याबाहेर, भावकीतल्या बायांबरोबर, भाज्या चिरून ताटांनी आत सरकवत होते. आंबील झाली, कढी झाली, पुरण शिजलं. चुलीसमोर असूनही त्यांच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. डाव्या बाजूला लुगड्यावर पिवळा डाग होता. सकाळी रुपयाएवढा असेल. पोळ्या सुरू झाल्या तोवर तळहाताएवढा झाला. बाकीच्या बायांना तो चुलीच्या अंधारात दिसत नव्हता, दिसला असता तर हळदीचा वाटला असता. मला तो काय आहे ते माहीत होतं. मी दोन-तीनदा तोंड उघडलं. पण आता बोलले तर सगळा स्वयंपाक विटाळला, देव उपाशी, भावकी उपाशी, आणि सगळ्या म्हणणार, धाकटीने मुखवट्यांसाठी जावेची अब्रू काढली. मला त्यांच्या पोटाची काळजी होती. पण लोक मला काय म्हणतील याची काळजी त्यापेक्षा जास्त होती.

मग मी एक केलं. मला वाटलं, मोठ्या बाईंना आता पुन्हा पाणी घ्यायची वेळ आली तर त्या नाही म्हणतील. त्यांच्याच तोंडून येईल, मले जमत नाही व लता, तू बस. मग कुणी मला बोल लावणार नाही. त्या निजतील, आणि उरलेल्या पोळ्या मी लाटीन, आणि एकदा मी लाटल्या की… हे सगळं इतकं स्पष्ट मांडून मी विचार केला नाही. एवढं स्पष्ट आत्ता झालंय. तेव्हा मी फक्त तेलाची वाटी आत ठेवायला वाकले, आणि मागे होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, माहा पदर लागला तुमाले."

पदर लागला नव्हता.

मोठ्या बाईंनी लाटणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तव्यावरची पोळी त्यांनी उलथली, शेकली, उतरवली, तूप लावलं. मग जमिनीवर एक हात टेकून उठल्या. एकीने म्हटलं, राहू द्या व, म्हातारपणी कायले, देव पाहून राह्यला. दुसरी म्हणाली, पण नेम हाय माय तो. मी काहीच म्हटलं नाही. त्या माझ्या अंगावरून, मला न शिवता, भिंतीच्या कडेने न्हाणीकडे गेल्या. हौदातलं गार पाणी. मी कान देऊन ऐकत होते. एक तांब्या, दोन, तीन… त्या पुरी बादली अंगावर ओतत होत्या, थांबत होत्या आणि परत ओतत होत्या. नेम तांब्याचा नाही, बादलीचा होता. परत आल्या तेव्हा ओठ निळसर झाले होते. बसल्या, लाटणं घेतलं, राहिलेल्या सगळ्या पोळ्या केल्या. नैवेद्य दाखवला. पंगती उठल्या. सगळे म्हणाले, यंदा पुरण कसं झालं होतं, काय सांगावं. मीही चार पोळ्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांना निरोप द्यायला त्या उठू शकल्या नाहीत. अंग विस्तवासारखं तापलं होतं. भासऱ्यांनी लुगडं बाजूला करून पाहिलं आणि ते अंगणात येऊन ओकले. ड्रेसिंग चालू होतं एवढं त्यांना माहीत होतं, पू धरल्याचं कळलं नव्हतं, कारण त्या वेगळ्या निजत होत्या, आणि विचारलं तर चिडत होत्या. गाडी करून पातूरच्या घाटाने त्यांना अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी जाळी काढली, पण विष रक्तात गेलं होतं. ते म्हणाले, आठ दिवस आधी आणायचं होतं. भासरे म्हणाले, आम्हाला कुठं माहीत होतं. मी शेजारीच उभी होते. तेव्हाही मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत भासऱ्यांना हेच माहीत आहे की कुणालाच काही माहीत नव्हतं. हा लेख कुणीतरी त्यांना वाचून दाखवेल. दाखवावा.

मधे एक दिवस त्यांना बरं वाटलं होतं. तोंडातली नळी काढली होती. दुपारी भासरे जेवायला खाली गेले आणि मी आत गेले. त्यांचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण त्यात सुया होत्या. मी काठावर टेकले. त्या वर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुहा पदर उंबऱ्याच्या बाहिरच होता. मी पायलं." त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात, असं वाटलं. मी विचारलं, "मंग काहून गेल्या न्हाले?" त्यांना ते विचारणंच अडाणीपणाचं वाटलं असावं, कारण त्यांनी अगदी पुरण परत पाट्यावर टाकताना पाहिलं होतं तसं माझ्याकडे पाहिलं. "तू चारचौघीत बोलली ना. मंग लागलाच तो."

मी माफी मागितली नाही. शब्द तोंडापर्यंत आला होता, आणि त्याच वेळी त्यांनी विचारलं, "कढी पुरली काय व सगळ्याइले?" मी म्हटलं, पुरली. त्या म्हणाल्या, "मले वाटलं कमी पडते." मग सिस्टर आली आणि मला बाहेर काढलं. त्यानंतर चौथ्या दिवशी, मी वाशिमला परतल्यावर, भासऱ्यांचा तो फोन आला.

तेरवीला भावकीतल्या बाया जमल्या आणि बोलणं झालं ते दहा मिनिटांचं. मुखवट्यांना बिना बाईच्या घरात ठेवत नाहीत. भासऱ्यांनी पितळी मुखवटे फडक्यात बांधून आणले आणि यांच्या हातात दिले, माझ्याकडे न बघता. म्हणाले, "तिची विच्छा नव्हती. पण आता काय." मी नको म्हणू शकले असते. मुलींना विचारा म्हणू शकले असते. मी ते गाठोडं घेतलं आणि एसटीत वाशिमपर्यंत मांडीवर धरून बसले. जड आहेत. मोठ्या बाई ते दरवर्षी एकट्याने माळ्यावरून काढायच्या, पोटातला गोळा दाबून. कुणी हात लावलेला त्यांना चालत नव्हता. आता ते आमच्या देवघराच्या वरच्या फळीवर आहेत. शेजारणी येऊन बघून जातात. छान दिसतात म्हणतात. इतकी वर्षं मी हेच तर मागत होते, आणि खरं सांगायचं तर त्या फळीकडे मी पाठ करून पूजा करते.

परवा माझ्या सुनेने विचारलं. माझ्या मुलाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, तिला आठ महिन्यांपूर्वी मुलगी झाली, सिझर करून. चांगली पोरगी आहे, माझ्यासारखी वाकड्यात शिरत नाही. म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी आपल्याकडे महालक्ष्म्या. मला सगळं लिहून द्या ना, काय काय करायचं. आणि ते ओल्या साडीचं… ते तुम्ही करणार की मी? कोरड्या, धुतलेल्या साडीने नाही चालणार का? माझे टाके अजून थंडीत दुखतात." तिने इतकं सरळ विचारलं होतं. घर माझं, देव आता माझ्याकडे, नेम मोडायला मला कुणाची परवानगी नको होती. एक शब्द बोलायचा होता.

मी म्हणाले, "नाही चालत. ओल्याच लुगड्याने करायचं. तुलाच करायचंय, मी नुसती उंबऱ्याबाहेर बसेन."

तिने वहीत लिहून घेतलं. मीच पुढे सांगत गेले, डोक्यावरून पाणी, नैवेद्यापर्यंत बदलायचं नाही, कुणी शिवलं तर पुन्हा. माझा आवाज मला मोठ्या बाईंसारखा वाटत होता. कोरडं चालतं, एवढं म्हटलं असतं तर ती पोरगी सुटली असती. पण ते चालतं म्हटलं, की मग त्या दिवशी मोठ्या बाईंनी दुसऱ्यांदा अंगावर पाणी कशासाठी घेतलं, हे मला कुणीतरी विचारलं असतं. मला ते नको होतं. म्हणून मी सांगत राहिले, आणि ती लिहीत राहिली.